घरून काम हवंय, पण रिझ्युमेला कोणी उत्तरच देत नाही

कोपरखैरण्याच्या एक ताई आल्या होत्या, नाव सांगत नाही. तक्रार तीच जी हल्ली माझ्याकडे सारखी येते, "मॅडम, वर्क फ्रॉम होमसाठी किती ठिकाणी रिझ्युमे टाकला, साधा फोनही येत नाही, नोकरीतल्या गॅपमुळेच ना?" आधी तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्स बघायच्या, २०१९ ला मुलगी झाली तेव्हा सोडलं.

रिझ्युमे बघितला. वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, फोटो, चक्क आधार नंबर (अनोळखी माणसाला आधार नंबर कशाला द्यायचा!) आणि सगळ्यात वर, 'मुलगी लहान असल्याने घरून काम हवे'. मला विचाराल तर गॅपपेक्षा ही ओळच नडत होती. तुम्हाला घरून का हवंय याच्याशी समोरच्याला काही घेणंदेणं नसतं, त्याला धास्ती एकच, डोक्यावर कोणी नसताना ही बाई काम वेळेत देईल का.

म्हटलं, इतक्या वर्षांत काहीच केलं नाही? "नाही हो, घरचंच." मग बोलता बोलता निघालं की २०२१ पासून सोसायटीच्या ८४ फ्लॅट्सचा मेंटेनन्सचा हिशोब त्याच ठेवतात, गूगल शीटमध्ये, थकबाकीवाल्यांच्या मागे व्हॉट्सॲपवर लागतात, ऑडिटरला कागद काढून देतात. अहो मग हे घरून केलेलंच काम झालं की! पगार नव्हता म्हणून लिहिलंच नव्हतं. ते वर घेतलं, बिनपगारी असं स्पष्ट लिहून. जुन्या नोकरीपुढे नुसतं 'अकाउंट्सचे काम' होतं, तिथे टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि दर महिन्याला जीएसटीची रिटर्न्स, म्हणजे जीएसटीआर-१ ११ तारखेच्या आत, ३बी २० च्या आत भरायच्या ते टाकलं. गॅप लपवला नाही, एका ओळीत उरकला. खाली ब्रॉडबँड, तो गेला तर मोबाइल डेटा, आणि वेळ १० ते ३. फॉरमॅट साधा, एक पान, कारण कंपन्यांची सॉफ्टवेअरं दोन कॉलम आणि टेबलं बऱ्याचदा नीट वाचत नाहीत.

अजून एक, कुठल्याशा डेटा एंट्रीवाल्याने रजिस्ट्रेशन फी मागितली होती, ताई भरणारच होत्या. नोकरी देणारा पैसे मागत नाही हो, आणि गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा.

नंतर दोन फोन आले. एक रात्रपाळीचा, तो त्यांनीच नको म्हटला. दुसरे नौपाड्यातले सीए, त्यांनी एक शीट जुळवायला दिली आणि आता महिनाभर ट्रायलवर घेतलंय, पगार माझ्या मते कमीच आहे.