गावातून क्रीडाज्योत जाणार म्हटलं की कराडकडची माणसं एवढी का उत्साहात येतात?

आमच्याकडे ज्योत धावत आणणं नवं नाही, म्हणून. शिवजयंतीला पोरं प्रतापगड, अजिंक्यतारा, पन्हाळ्यावरून रात्रभर पळत शिवज्योत आणतात. मागे टेम्पो, त्यात तेलाचा डबा. ज्योत मंदावली की पळता पळताच चिंध्यांच्या बोळ्यावर तेल ओततात, आणि हात बदलतो. पहाटे वेशीवर बायका पळणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, औक्षण करतात. मी नववीत असताना पहिल्यांदा ज्योत धरली. मनगटावर गरम तेलाचा थेंब पडला, तरी हात सोडवेना. तो डाग अजून आहे.

दुसरं कारण खाशाबा जाधव. कराडशेजारच्या गोळेश्वरचा हा पैलवान. 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या ज्योतदौडीत खाशाबांना मान मिळाला होता. हयातीत त्यांचं कौतुक फार थोडं झालं, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते.

ऑलिंपिकची ज्योत ग्रीसमधल्या ऑलिंपियात अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकवटून पेटवतात, आणि ज्योतदौड 1936 च्या बर्लिनपासूनची. पण रस्त्याकडेला उभ्या आजीला हे माहीत असावं लागत नाही. ती हळदीकुंकवाचं ताट घेऊनच येते.