डिस्चार्ज कार्ड बदलून घेऊ का?

प्रश्न: कर्करोगामुळे २०२२ मध्ये माझा डावा स्तन काढावा लागला. पुढे त्याची पुनर्रचना झाली, पण दोन्ही बाजूंत बराच फरक राहिला. म्हणून याच वर्षी उजव्या स्तनाचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया केली. डिस्चार्ज कार्डवर निदान एवढंच आहे: 'ब्रेस्ट अ‍ॅसिमेट्री', म्हणजे दोन स्तनांतला फरक. विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' म्हणून क्लेम नाकारला. शिवाय कर्करोगाच्या वेळच्या मॅमोग्राफीत 'फोकल अ‍ॅसिमेट्री' लिहिलंय, म्हणजे फरक आधीपासूनचाच, असं त्या पत्रात म्हटलंय. हॉस्पिटलच्या बिलिंगमधले सांगतात, 'नवीन कार्ड करून देतो, पाठदुखी लिहू, क्लेम पास होईल.' मला पाठदुखी कधीच नव्हती. काय करू?

उत्तर: ताई, ते नवीन कार्ड घेऊ नका. हे आधी लिहिते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही कुठे सही करून बसू नये. जुनं कार्ड कंपनीकडे गेलेलं आहे. त्याच तारखेचं, वेगळ्या निदानाचं दुसरं कार्ड आलं की कंपनी दोन्ही शेजारी ठेवणार, आणि मग भांडण 'कॉस्मेटिक आहे की नाही' यावर न राहता 'कागद खोटे आहेत' यावर जाणार. पॉलिसीतलं फसवणुकीचं कलम तुम्हाला लागू होईल. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरांचं नाव २००२ च्या व्यावसायिक आचार विनियमांनुसार नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला खोट्याची गरजच नाही. तुमची खरी हकिगत तुमच्याच बाजूची आहे. ती कार्डवर कुणी लिहिली नाही, इतकंच.

पॉलिसीतलं 'एक्सल ०८' हे कलम काढून वाचा. त्याची भाषा आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ठरवून दिलेली आहे. सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. पुढे आणखी एक सवलत येते: आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं असेल तर. बिलिंगवाले पाठदुखी लिहून तुम्हाला या दुसऱ्या सवलतीत बसवू पाहताहेत. तुम्ही पहिलीत बसता, आणि तिथे दुखण्याची अटच नाही.

कंपनी म्हणेल, कर्करोग डावीकडे होता, शस्त्रक्रिया उजवीकडे झाली. हा मुद्दा हलका नाही. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने दुसऱ्या स्तनावरची सममितीसाठीची शस्त्रक्रियाही विम्यात धरायला लावली; आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. पण तुमच्या कलमात 'त्याच बाजूची' असे शब्दही नाहीत. कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाच्या बाजूचा घ्यायचा, आणि वगळण्याचं कलम लागू होतं हे कंपनीने सिद्ध करायचं, ही तत्त्वं आपली न्यायालयं मानत आली आहेत.

आता कोडचा भाग. क्लेम फॉर्मचा 'भाग ब' हॉस्पिटल भरतं, त्यात आयसीडी-१० कोडचे, म्हणजे आजार आणि उपचाराचं कारण सांगणाऱ्या ठरावीक कोडचे, रकाने असतात. त्याची प्रत मागवा. तिथे झेड ४१.१ दिसला तर घोळ तिथूनच सुरू झाला आहे. रूप आवडत नाही म्हणून केलेल्या प्लास्टिक सर्जरीचा तो कोड, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याच्याखालीच टीप आहे की बऱ्या झालेल्या इजेनंतरची किंवा ऑपरेशननंतरची प्लास्टिक सर्जरी यात धरू नये, ती झेड ४२ मध्ये जाते. स्तनासाठी झेड ४२.१. पूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेल्याचा कोड वेगळा, झेड ८५.३, तो तुमच्या फॉर्ममध्ये आहे का, तेही बघा. कोणता कोड लावायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ही टीप त्यांच्यापुढे जरूर ठेवा.

मॅमोग्राफीचा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. रेडिओलॉजिस्ट 'फोकल अ‍ॅसिमेट्री' लिहितात तेव्हा ते आकाराबद्दल बोलतच नसतात. एका स्तनात एखाद्या जागी ऊती दुसऱ्यापेक्षा दाट दिसते आणि ती दोन्ही कोनांतून घेतलेल्या चित्रांत दिसते, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या बाबतीत तिथून पुढची तपासणी झाली आणि कर्करोग सापडला. आणि तोच शब्द उचलून कंपनी तुम्हाला सांगते की फरक आधीपासून होता! रेडिओलॉजिस्टकडून याबद्दल दोन ओळी लेखी घ्या.

सर्जनकडून मात्र पुरवणी नोंद घ्यायची. जुन्या कार्डवर खाडाखोड नको. वेगळा कागद, आजची तारीख, सही, नोंदणी क्रमांक. त्यात कर्करोगाचं निदान, स्तन काढल्याची आणि पुनर्रचनेची तारीख, त्यानंतर राहिलेला फरक, आणि उजव्या बाजूची शस्त्रक्रिया हा त्याच पुनर्रचनेचा टप्पा होता हे वाक्य. ते त्यांचं खरं मत असेल तरच, आणि त्यांच्याच शब्दांत. सोबत ऑपरेशन नोट आणि इनडोअर केस पेपर लेखी अर्ज देऊन मागा. ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. मोजमापं आणि काढलेल्या ऊतीचं वजन तिथे लिहिलेलं असेल तर तेच पुरावा म्हणून द्या. शरीराचे फोटो कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले तर पाठवू नका. का हवेत, कोण बघणार, हे आधी लेखी विचारा.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम नाकारायला कंपनीच्या समितीची मंजुरी लागते आणि पत्रात नेमकं कलम द्यावं लागतं. मंजुरी घेतली होती का, तेही विचारा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर तिथून एका वर्षात विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही, तुम्हालाच बोलायचं आहे, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल. आयोगाची दोन वर्षं क्लेम नाकारल्यापासून मोजून कॅलेंडरवर आजच खूण करा. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाहीत.