टेक्सासच्या डान्स हॉलमध्ये कोण कुठे?

प्रश्न : मुलाकडे टेक्सासला निघालोय. तिथल्या कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या) डान्स हॉलमध्ये कुणी कुठे नाचायचं असतं? – एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या कोकणातल्या जाखडी नाचासारखा फेरच असतो, घड्याळाच्या उलट दिशेने. कडेने टू-स्टेपच्या जोड्या : दोन पावलं जलद, दोन संथ. वेगवान मंडळी बाहेरून, संथ आतून. मधोमध लाइन डान्सवाले, म्हणजे जोडीदाराविना रांगांत नाचणारे. त्यांचे बरेच नाच 32 मात्रांचे, मग तोंड फिरवून पुन्हा तेच. स्विंग हा जोडीनाच करणारेही मधोमधच, कारण ते जागेवरच गिरक्या घेतात. बारला टेकलेले हॅटवाले? त्यांतले कित्येक नाचतच नाहीत!

नवखे कडेच्या फेरातच थांबून पावलं मोजतात नि मागची जोडी येऊन आदळते. रबरी तळाचे बूट नकोत. गिरकीत पाय चिकटतो, गुडघा पिरगळतो. चामडी तळाचे घाला. ग्लास मात्र टेबलावरच ठेवा.