एफबीआयची नोकरी करून पुढे लेखक झालेले जोसेफ पिस्टोन कोण?

जोसेफ पिस्टोन यांचा जन्म 1939 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला आणि 1969 मध्ये ते एफबीआयमध्ये दाखल झाले. पण त्यांची खरी कहाणी 1976 पासून सुरू होते. त्या वर्षी ‘डॉनी ब्रास्को’ हे खोटे नाव घेऊन, चोरीच्या दागिन्यांतला जाणकार म्हणून ते न्यूयॉर्कच्या माफियात शिरले. या सोंगासाठी त्यांनी रत्नपारख शिकून घेतली होती, आणि कोणी चौकशी केलीच तर सुगावा लागू नये म्हणून कार्यालयाच्या दप्तरातून त्यांचे नावच काढून टाकण्यात आले होते. बोनानो टोळीतल्या लेफ्टी रुजिएरोने ‘हा आपला माणूस’ म्हणून त्यांची हमी घेतली. 1981 च्या जुलैमध्ये, टोळीने एकाला ठार मारण्याचे काम त्यांच्यावर सोपवल्यानंतर, मोहीम आवरती घेण्यात आली. त्यांच्या पुराव्यांमुळे शंभरहून अधिक जण दोषी ठरले. त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या, बोनानो टोळीतल्याच सनी नापोलितानोला मात्र माफियानेच संपवले.

1986 मध्ये नोकरी सोडल्यावर त्यांनी रिचर्ड वुडली यांच्या साहाय्याने आत्मकथन लिहिले. 1997 चा जॉनी डेपचा चित्रपट त्यावरच बेतलेला आहे. चित्रपट पाहिला असला, तरी माझ्या मते पुस्तक आवर्जून वाचावे. पुढे त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या.