जिना नाही, फाटक नाही, मग हे स्थानक कसले?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत सॅन होजे येथे तीन महिने राहून मी नुकतीच परतले. त्याच्या वसाहतीजवळ रस्त्याच्या मधोमध ‘लाइट रेल’चा, म्हणजे रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या विजेच्या गाडीचा, थांबा होता. तिथे जिना, फाटक, तिकीटखिडकी यांपैकी काहीच नव्हते. माझे गुडघे दुखतात, तरी गाडीत सहज चढता येई. मात्र रूळ ओलांडताना त्यांत वीज असेल या धास्तीने जीव घाबरा होई. ही भीती रास्त होती का? आणि असा थांबा आमच्या पौड रस्त्यावर का झाला नाही?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : रूळ ओलांडताना सावध राहणे योग्यच, पण ते विजेसाठी नव्हे. अशा गाड्यांना साधारण 750 व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह डोक्यावरच्या तारेतून मिळतो आणि मोटारी फिरवून तो रुळांवाटे उपकेंद्राकडे परततो. रुळांचा विद्युतदाब जमिनीच्या जवळपास राखलेला असल्यामुळे त्यांवर पाय पडला तरी धक्का बसत नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोसाठी निवडलेला ‘तिसरा रूळ’, म्हणजे तारेऐवजी गाडीला वीज पुरवणारा रुळांशेजारचा जादा रूळ, मात्र वेगळा. तो माणसाच्या पायाखाली येईल अशा जागी ठेवताच येत नाही; खांबांवरून नेलेल्या मार्गावर तो चालतो, चौकात चालणार नाही.

‘लाइट’ हा शब्द अमेरिकेत 1972 च्या सुमारास रूढ झाला. त्यातला हलकेपणा गाडीच्या वजनाचा नसून प्रवासी वाहून नेण्याच्या क्षमतेचा आहे. सॅन होजेची सेवा 1987 मध्ये सुरू झाली.

तुमच्या गुडघ्यांना जो आराम मिळाला, तोच या थांब्याचा खरा गाभा आहे. तिथल्या गाडीचा तळ रुळापासून सुमारे 35 सेंटिमीटर उंचीवर असतो आणि फलाटही तेवढ्याच उंचीचा बांधलेला असतो. त्यामुळे पदपथावरून एका लांबट, सौम्य उतारावरून वर गेले की चाकाची खुर्ची असो वा बाबागाडी, पायरी न लागता आत जाता येते. फलाटाच्या कडेला पायाला टोचणारी जी उंचवट्यांची पट्टी असते, ती दृष्टिहीनांना कड कळावी म्हणून; ही कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची असून अशा फरश्या 1967 मध्ये ओकायामा येथे प्रथम बसवण्यात आल्या. आपल्या मेट्रो स्थानकांतही त्या आहेत. पदपथांवर मात्र त्याच फरश्या थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडलेल्या आढळतात, तो भाग निराळा.

फाटक नसले तरी तिकीट असतेच. ते फलाटावरील यंत्रातून किंवा कार्डावर घ्यायचे आणि तपासनीस आला तर दाखवायचे. पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बसच्या) वाहकाची सवय असलेल्याला हे जरा विचित्र वाटते.

आता पौड रस्त्याविषयी. दोन रूळमार्ग आणि फलाट मिळून मोटारींच्या तीन-चार रांगांची जागा खातात, आणि प्रत्येक चौकात गाडीला सिग्नलचे प्राधान्य द्यावे लागते. शिवाय पोलादी चाके पोलादी रुळांवर रबरी टायरपेक्षा उशिरा थांबतात आणि आडव्या आलेल्या दुचाकीला बगल देऊन निघणे गाडीला शक्य नसते. 2006 मध्ये सुरू झालेल्या बीआरटीच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, राखीव मार्गिकेत दुचाकी किती सहज शिरत, हे ज्याने कात्रज-स्वारगेट रस्त्यावर पाहिले आहे, त्याला पौड रस्त्यावर उंचावरून नेलेल्या मेट्रोचे कारण वेगळे सांगायला नको. अर्थात त्याची किंमत म्हणून आनंदनगर स्थानकात तुम्हाला आधी वर चढावे लागते; तिथे उद्वाहक वापरावा.

पुन्हा सॅन होजेला गेलात, तर रूळ ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडे पाहावे. समोरची गाडी निघून गेली म्हणून लगेच पाऊल टाकू नये, कारण तिच्या आडून दुसऱ्या रुळावरची गाडी येत असू शकते, आणि विजेवर चालणारी ही गाडी फारसा आवाज न करता जवळ येते.