सार्वकालिक जीवनाची आशा ही नुसती मनाची समजूत आहे का?

तुम्ही लिहिलं आहे की आईला कर्करोग आहे, वेदना थांबत नाहीत, आणि मंडळीतले लोक भेटायला येऊन "स्वर्गात सगळं नीट होईल" म्हणतात तेव्हा धीर येण्याऐवजी राग येतो. हा राग म्हणजे अविश्वास का, आणि ही आशा म्हणजे मनाची समजूत का, असं तुम्ही विचारता.

आधी रागाचं बोलतो. बेथानीत येशू पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वाटेतच त्याला गाठते आणि पहिलंच वाक्य तक्रारीचं बोलते: प्रभुजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीया येते, तीही हेच म्हणते. (ते चार दिवस दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत राहिल्या असतील, असं मला नेहमी वाटतं.) येशू दोघींपैकी कुणालाही गप्प करत नाही. मार्थेला तो सांगतो, "मीच पुनरुत्थान व जीवन आहे." लाजराला आपण उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी कबरेकडे जाताना तो रडतो. मग स्वर्ग आहे म्हणून तुम्ही रडू नका, असं सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला कुठून आला?

"विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटत नाही" असंही कुणी म्हणालं असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढंच उत्तर मिळालं. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला तेव्हा त्याला मिलेतात मागे ठेवून पौलाला पुढे जावं लागलं.

आता समजुतीचा प्रश्न. आपल्या संकटांना "हलकं आणि क्षणिक" म्हणणारा हाच पौल आहे, आणि हे वाक्य एकटं वाचलं तर चीड येते. पण करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या सुरुवातीला तो लिहितो की आसियात (आजच्या पश्चिम तुर्कस्तानात) आमच्यावर इतका भार आला की जगण्याचीही आशा सुटली. पुढे तो हिशेबच मांडतो: पाच वेळा 39 फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. असं सोसलेला माणूस दुःखाला हलकं म्हणतो ते तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहून. ते पारडं झाकून नुसतं "हलकं आहे" म्हणणं क्रूरपणा आहे.

शिवाय पौल ही आशा भावनेवर उभी करत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आणि सगळ्या माणसांत आम्ही अधिक कीव करण्याजोगे, असं तो स्वतःच लिहून ठेवतो. ज्याला नुसती समजूत घालायची असते तो असं लिहीत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आधार देणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. "देह म्हणजे टाकून द्यायचं कवच, आत्मा उडून जातो" ही आपली आशा नाही. इ.स. 381 पासून मंडळी विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत एकत्र म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, म्हणत आली आहे की आम्ही मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, ते त्याने थोमाला दाखवले. शिष्यांसमोर त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. तुम्ही आज आईची कूस बदलता, पाठीला पावडर लावता, चमच्याने पाणी पाजता, तो देह देवाच्या लेखी टाकाऊ नाही. पुनरुत्थानावरचा पौलाचा तो लांबलचक अध्याय संपतो तो मेघांकडे बघत नाही. प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, या वाक्यावर संपतो. तुमची रात्रपाळी त्या श्रमांत येते, असं मी मानतो.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांना 23वं स्तोत्र वाचून दाखवायचो. एका रात्री ते म्हणाले, "आज 88वं वाच." ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळसुद्धा नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "हेही पवित्र शास्त्रातच आहे ना? मग ठीक." आणि झोपले. आईला काय ऐकावंसं वाटतं ते तिलाच विचारा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर नुसतं कण्हू द्या. आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यांनी आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात लिहिलं आहे.

वेदनांबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. वेदनाशामक उपचारांचे वेगळे तज्ज्ञ असतात, त्यांचं नाव मागून घ्या. मॉर्फिन दिल्याने विश्वास उणा होत नाही. आणि पुढच्या वेळी मंडळीतलं कुणी आलं की सरळ सांगा: दोन तास आईजवळ बसा, मला झोपायचं आहे.