डोंगर तासून पाडलेला प्लॉट घ्यावा का?

प्रश्न : ताई, नमस्कार. पाटोदा तालुक्यात आमच्या गावाला लागून बालाघाटाच्या उतारावर नवे प्लॉट पाडलेत. 30 बाय 50 चा एक प्लॉट आवडला, इसारही दिला. मागच्या अंगाला जेसीबीने डोंगर तासलाय, तिथं दोन पुरुष उंचीचा उभा कडा झालाय. विकणारा म्हणतो, जागा गावठाणापासून 200 मीटरच्या आत आहे, एनएची (बिगरशेती परवानगीची) भानगडच नाही. घरचे म्हणतात, दरडी कोकणात कोसळतात, आपल्याकडे पाऊसच कुठं पडतो! घर बांधावं का?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : भाऊ, सध्या बांधू नका. खरेदीखताचीही घाई करू नका.

200 मीटरची गोष्ट खोटी नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मध्ये तशी तरतूद आहे. अशी जमीन मानीव अकृषिक धरतात, म्हणजे ती बिगरशेती झाली असंच मानतात. पण त्याने शेतजमिनीच्या वापराचा प्रश्न सुटतो. तिथं घर बांधायला परवानगी मिळेल का, हे वेगळं. माझी सगळी नोकरी नगर रचना खात्यात गेली. या दोन गोष्टींची गल्लत करून आयुष्याची पुंजी अडकवलेली माणसं टेबलापुढे बसलेली पाहिलीत, म्हणून एवढं निक्षून सांगते.

बांधकामाच्या परवानगीसाठी राज्याची 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. डोंगराळ जागेचा उतार 1:5 पेक्षा जास्त असेल, म्हणजे आडव्या पाच फुटांना एक फुटापेक्षा जास्त उतरत असेल, तर ती जागा इमारतीला चालत नाही. हे तुम्हाला स्वतःला मोजता येईल. गवंड्याकडून लेव्हल पाइप आणा. 25 फूट दोरीचं वरचं टोक जमिनीला टेकवा आणि खालचं टोक उचलत दोरी पाणसळीत आणा. खालच्या टोकाला जमीन 5 फुटांपेक्षा खोल राहिली, तर विषय संपला. फक्त हे माप प्लॉटवर घेऊ नका. जेसीबी फिरल्यावर कुठलीही जागा सपाटच दिसते. शेजारचा न तासलेला उतार मोजा.

मग त्या कड्याजवळ जाऊन नीट बघा, पण त्याच्या अगदी खाली उभं राहू नका. आपला डोंगर म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो, नखाने उकरला तरी भुगा पडतो असा. वरच्या खडकाच्या भेगांतून उतरलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर झिरपतं. पट्टा भिजून मऊ झाला की वरच्या खडकाचा आधारच जातो. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनीही तिथं ओल दिसली, किंवा माथ्यावर जमिनीला भेग पडलेली दिसली, तर त्या प्लॉटचा नाद सोडा.

घरच्यांनाही सांगा, आपल्याकडे वर्षाचा पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा एका रात्रीत कोसळतो. 31 ऑगस्ट 2021 ला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड घाटात दरडी आल्या, रस्ता बंद पडला. कन्नड काही कोकणात नाही.

विकणाऱ्याकडे दोन कागद मागा : नगर रचनेच्या शिक्क्याचं मंजूर रेखांकन (प्लॉटांचा लेआउट), आणि एवढा मुरूम उचलला त्याचा तहसीलचा गौण खनिज परवाना. रेखांकनात तो कडा दाखवलाय का, तेही बघा.

उतार नियमात बसला आणि कागदही चोख निघाले, तरी कड्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतर सोडूनच पाया घ्या. रिटेनिंग वॉल, म्हणजे कडा अडवून धरणारी भिंत, बांधाल तर तिला पाणी निघायला भोकं हवीतच, नाहीतर मागे तुंबलेलं पाणीच ती भिंत ढकलतं. माथ्यावर चर खणून पावसाचं पाणी बाजूला काढा. शोषखड्डा कड्याच्या वरच्या अंगाला नको. भिंतीचं डिझाइन मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

कागद मिळाले नाहीत तर इसार परत द्या असं लेखी मागा, आणि पोच घ्या. पुढं वाद झाला तर तीच कामाला येईल.